कलप केसाला, काळजी कातडीची

कलप लावायचे ठरले की सगळे लक्ष केसांकडे लागते. रंग नीट बसेल का, केस राठ होतील का, गळायला लागतील का, हेच प्रश्न विचारले जातात. वास्तविक डोक्याबाहेर दिसणारा केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा असतो. तो बिघडला तर कापून टाकता येतो आणि महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर या गतीने नवा धागा मुळातून वर येतच राहतो. जिवंत असते ती त्याखालची त्वचा, आणि कलपामुळे होणारे गंभीर त्रास हे बहुतांशी तिचेच, म्हणजे टाळू, कपाळ, कान, पापण्या आणि मानेचे असतात. म्हणून पांढरे केस रंगवताना आधी त्वचा आणि मग केस, हा क्रम मी स्वतः पाळते आणि पुढचे विवेचनही त्याच क्रमाने केले आहे.

केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशींनी मेलॅनिन तयार करणे थांबवले की तिथून येणारा केस पांढरा येतो. वयोमानाने झालेला हा बदल कोणत्याही तेलाने किंवा लेपाने उलटत नाही, मग बाटलीवरच्या चित्रातली बाई कितीही काळ्याभोर केसांची असो. मात्र पंचविशीच्या आतच केस झपाट्याने पिकू लागले असतील तर कलपाच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे आणि ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड व हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घ्यावी, कारण अकाली पिकण्यामागे कधी कधी यांपैकी एखादी तक्रार असते. एक पांढरा केस उपटला की दहा उगवतात ही समजूत खोटी आहे, पण उपटत राहिल्याने मूळ दुखावते. केस तुरळकच पांढरे असतील तर ते कात्रीने मुळाजवळ कापणे बरे.

टाळूवर खाजवून झालेल्या जखमा, पुळ्या, सोरायसिसचे चट्टे, नायटा किंवा लालसर खपल्यांचा कोंडा असेल तर कलप पुढे ढकलावा. सोललेल्या त्वचेतून रसायन सहज आत शिरते, आणि अशा टाळूवर लावलेला कलप आधीच्या रोगालाही चिथावतो. केस नुकतेच सरळ करून घेतले असतील तर किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. गरोदरपणात त्वचेतून शरीरात जाणारे प्रमाण अत्यल्प असते, तरी पहिले तीन महिने थांबण्याचा सल्ला अनेक डॉक्टर देतात आणि तो पाळण्यात काही तोटा नाही.

आता प्रकारांविषयी. एक धुण्यात निघून जाणारे स्प्रे आणि काड्या केवळ भांगातली पांढरी रेघ झाकण्यापुरत्या असतात. त्या केसाच्या वरच बसतात. काही धुण्यांपर्यंत टिकणारा सौम्य रंग पांढऱ्या केसावर छटा आणतो, पण तो पूर्ण झाकत नाही. ‘डेमी’ म्हणून ओळखला जाणारा मधला प्रकार कमी तीव्रतेच्या पेरॉक्साइडवर चालतो आणि निम्म्यापर्यंत केस पिकलेले असतील तर काम भागवतो. चौथा कायमचा कलप. पिकलेल्या केसांचे प्रमाण वीस-तीस टक्क्यांच्या आत असेल तर एक पाचवा मार्गही आहे, तो म्हणजे फॉइलमध्ये गुंडाळून काही बटाच रंगवून घेणे. यात मिश्रण टाळूला लागतच नाही, त्यामुळे नाजूक त्वचेच्या माणसाला मी हाच मार्ग आधी सुचवीन. तो महाग पडतो, हे खरे.

कायमचा कलप कसा काम करतो हे एकदा समजले की त्याची काळजी घेणे सोपे जाते. केसाच्या वरच्या थरावर कौलांसारखे खवले असतात. अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेला दुसरा अल्कधर्मी पदार्थ हे खवले फुगवून उघडतो, हायड्रोजन पेरॉक्साइड रंगाचे लहान, बिनरंगी रेणू एकमेकांशी जोडून मोठे रंगीत रेणू तयार करते आणि ते आकाराने वाढल्यामुळे केसाच्या गाभ्यात अडकून बसतात. पांढरे केस झाकण्यासाठी ६ टक्के पेरॉक्साइड पुरते. सलूनमध्ये त्याला २० वॉल्यूम म्हणतात. ‘हट्टी केस आहेत, जरा जास्त पॉवरचे लावू’ असे कोणी म्हणाले तर स्पष्ट नकार द्यावा. ३० आणि ४० वॉल्यूम, म्हणजे ९ आणि १२ टक्के, हे मूळचा गडद केस उजळवण्यासाठी असतात, आणि पांढऱ्या केसात उजळवण्यासारखा रंगच उरलेला नसतो. ज्यादा तीव्रतेने केवळ खवले आणि टाळू यांचे नुकसान होते.

त्या लहान बिनरंगी रेणूंपैकी सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत जास्त ॲलर्जी देणारा पदार्थ म्हणजे पॅराफिनायलीनडायमीन, थोडक्यात पीपीडी. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ’ म्हणून निवडले होते. युरोपीय संघात केसावर प्रत्यक्ष लागणाऱ्या मिश्रणात त्याचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक चालत नाही. भारतात अशा कलपाच्या वेष्टनावर सावधानतेची सूचना छापावी लागते: आधी त्वचेवर थोडा लावून चाचणी करावी आणि भुवया-पापण्यांना लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते. ही ओळ बहुतेक जण वाचत नाहीत, कारण ती छोट्या अक्षरांत आणि खोक्याच्या घडीवर असते.

खोके हातात घेतल्यावर पुढची बाजू न पाहता मागची वाचावी, हा माझा आग्रह आहे. पुढे ‘अमोनियामुक्त’ असे ठळक छापलेले असते आणि त्यावरून ग्राहकाचा समज होतो की त्रासदायक असे काही आत नाही. अमोनिया नाही याचा अर्थ इतकाच की उग्र वास येणार नाही. त्याच्या जागी बहुधा इथेनॉलअमाइन असते, आणि पीपीडी जिथल्या तिथे असू शकते. ज्यांना पीपीडीची ॲलर्जी आहे त्यांना टोल्युइन-२,५-डायमीन असलेला कलप पर्याय म्हणून दिला जातो, परंतु त्यांच्यापैकी पुष्कळांना तोही सोसत नाही, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज हा प्रयोग करू नये.

‘हर्बल काळी मेंदी’ हा शब्दप्रयोग तर मला अमोनियापेक्षा अधिक काळजीचा वाटतो. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते केसाच्या केराटिनला चिकटून फक्त नारिंगी-तांबूस रंग देते. पांढऱ्या केसाला काळे करण्याची शक्ती मेंदीच्या पाल्यात नाही. त्यामुळे जी पुडी पाण्यात कालवून अर्ध्या तासात केस काळे करते तिच्यात पीपीडी किंवा तत्सम रसायन मिसळलेले आहे असेच धरून चालावे. लग्नसराईत आणि जत्रेत हातावर काढली जाणारी तत्काळ काळी मेंदीही त्याच जातीची. लहानपणी अशा मेंदीने हातावर फोड आले असतील तर कलपाच्या वाटेला जाऊ नये, कारण शरीर तो पदार्थ विसरत नाही आणि पुढच्या वेळी अधिक जोराने प्रतिकार करते.

माझ्या आत्याने सुमारे पंधरा वर्षे एकच कलप दर महिन्याला लावला. चाचणीचा विषय काढला की ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?’ हे तिचे ठरलेले उत्तर असे. एका रविवारी तिने नेहमीप्रमाणे कलप लावला, सोमवारी कानांच्या पाळ्या खाजू लागल्या आणि मंगळवारी सकाळी उठली तेव्हा पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे किलकिले करूनही घड्याळ दिसेना. केसांच्या कडेने कपाळावर पाणी भरलेल्या बारीक फोडांची रांग होती. पीपीडीची ॲलर्जी पहिल्याच दिवशी व्हावी असा नियम नाही; वारंवारच्या संपर्काने ती कोणत्याही वर्षी जागी होऊ शकते. म्हणून चाचणी प्रत्येक वेळी करायची असते, कंपनी आणि छटा तीच असली तरीही.

चाचणीची रीत अवघड नाही, तिला फक्त दोन दिवसांची सवड लागते. रविवारी सकाळी केस रंगवायचे असतील तर शुक्रवारी सकाळी अंघोळीनंतर कानामागची किंवा कोपराच्या आतली जागा कोरडी करून, खोक्यातील पत्रकात सांगितल्याप्रमाणे मिश्रणाचा वाटाण्याएवढा थेंब पातळ पसरून लावावा, उघडाच वाळू द्यावा आणि ४८ तास ती जागा शक्यतो धुऊ नये. आरशात दिसत नाही म्हणून कानामागची जागा घरातल्या कोणाला तरी शनिवारी आणि रविवारी पाहायला सांगावी. लाली, खाज, सूज, पुरळ यांपैकी काहीही दिसले तर ती जागा धुऊन टाकावी आणि तो कलप वापरू नये. ‘जरासेच लाल आहे’ अशी सवलत स्वतःला देऊ नये. त्याच सुमारास मानेजवळची एक बारीक बट कापून तिला मिश्रण लावून पाहिले तर रंग कितपत गडद येतो आणि केस तुटका होतो का, हेही आधीच कळते. पूर्वी कोणती पुडी लावली होती हे आठवत नसेल तर ही बटेची चाचणी विशेष गरजेची आहे, कारण काही मिश्र मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी गाठ पडताच ते तापून केसाची नासाडी करतात.

छटेबाबत माझे मत बहुतेक दुकानदारांच्या उलट आहे. खोक्यावरचा क्रमांक १ म्हणजे काळा. ३ आणि ४ हे गडद व मध्यम तपकिरी. पन्नाशीनंतरच्या चेहऱ्यावर निव्वळ काळा रंग टोपी घातल्यासारखा दिसतो, आणि तीन आठवड्यांनी भांगात उगवलेली पांढरी रेघ त्याच्यामुळे अधिक उठून दिसते. शिवाय छटा जितकी गडद तितके पीपीडी सहसा जास्त. आपल्या मूळच्या रंगापेक्षा एक पायरी फिका तपकिरी घेतला तर ही तिन्ही कामे एकदम होतात.

प्रत्यक्ष रंगवण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी केस शाम्पूने धुऊ नयेत. टाळूवरचा नैसर्गिक तेलकटपणा हा फुकटचा संरक्षक थर असतो आणि धुताना नखांनी झालेले ओरखडे कलपाला वाट करून देतात. पण याचा अर्थ डोक्यावर खोबरेल थापावे असा नाही. चपचपीत तेलावर रंग नीट धरत नाही. व्हॅसलीन फक्त कपाळाच्या कडेला, कानांच्या पाळ्यांवर आणि मानेवर लावावे, केसांच्या मुळांना लागू देऊ नये. खिडकी उघडी ठेवावी, जुना गडद टॉवेल खांद्यावर घ्यावा, हातमोजे घालावेत. मिश्रण प्लास्टिकच्या किंवा काचेच्या वाटीत, लावण्याच्या क्षणीच करावे. धातूचे भांडे वापरू नये आणि उरलेले मिश्रण पुढच्या खेपेसाठी बाटलीत बंद करून ठेवू नये, कारण त्यात वायू तयार होत राहतो आणि बाटली फुटू शकते.

कानशिलावरचे पांढरे केस सर्वांत हट्टी असतात. रंग आत घ्यायला ते वेळ लावतात. म्हणून सुरुवात तिथून आणि भांगाच्या पुढच्या भागातून करावी व मागच्या बाजूला शेवटी जावे. केसांचे चार भाग करून, बारीक बटा घेत, ब्रशने फक्त नव्या वाढलेल्या पांढऱ्या भागावर मिश्रण लावावे आणि ते टाळूत चोळू नये. हा ‘फक्त मुळांना’ नियम पाळणारे थोडेच. साधा हिशेब करून पाहावा: खांद्याखाली येणारा ३० सेंटिमीटरचा केस असेल तर त्याचे टोक किमान दोन वर्षे जुने आहे, आणि दर महिन्याला सगळ्या केसांना कलप फासला तर त्या टोकाने चोवीस वेळा खवले उघडण्याची शिक्षा भोगलेली असते. टोके फुटतात, राठ होतात, काळी पडूनही निस्तेज दिसतात, याचे कारण कलपाची कंपनी नव्हे, ही सवय आहे. जुना भाग फिका पडला असेल तर शेवटची पाच मिनिटे ओल्या हाताने मिश्रण खाली ओढून घ्यावे, तेही दोन-तीन खेपांतून एकदा.

वेळ खोक्यावर दिलेली असेल तेवढीच ठेवावी. ती बहुधा ३० ते ४० मिनिटे असते आणि त्यानंतर रंगाची क्रिया मंदावलेली असल्याने अधिक ठेवून पदरात काही पडत नाही. सुरुवातीला किंचित चुरचुरणे चालते, पण आग होऊ लागली तर घड्याळाकडे न पाहता ताबडतोब धुवावे. धुताना शॉवरखाली उभे राहिले तर रंगाचे पाणी चेहरा, पाठ आणि छातीवरून ओघळते. त्याऐवजी डोके पुढे वाकवून, डोळे मिटून, कोमट पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. मग खोक्यातले कंडिशनर लावावे, कारण ते बहुधा किंचित आम्लधर्मी असते आणि उघडलेले खवले पुन्हा मिटायला मदत करते.

मिशी आणि दाढीला डोक्याचा कलप लावण्याची पद्धत सर्रास आहे. चेहऱ्याची त्वचा टाळूपेक्षा पातळ असते आणि मिशी नाकाच्या अगदी खाली, त्यामुळे तिच्यासाठी वेगळे बनवलेले उत्पादन, वेगळी चाचणी आणि दाढी केल्यानंतर किमान एका दिवसाचे अंतर हवे. भुवयांना मात्र घरी कोणताच कलप लावू नये.

रसायन नकोच असेल तर शुद्ध मेंदी आणि नीळ ही जोडी आहे. तिच्यासाठी अर्धा दिवस मोडतो. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ग्रॅम मेंदी पुरते. पुडीवर घटक म्हणून केवळ मेंदीचा पाला असावा. भुलवणारा भडक रंग, उग्र वास किंवा ‘१५ मिनिटांत परिणाम’ असे वाक्य दिसले तर ती ठेवून द्यावी. कोमट पाण्यात रात्री भिजवलेली मेंदी सकाळी पाहावी: वरचा थर तपकिरी झालेला असतो, चमचा फिरवला की आतून हिरवी निघते आणि कडेला तांबूस पाणी सुटलेले असते. हे पाणी दिसले की रंग सुटला असे समजावे. दोन-तीन तास लेप ठेवून नुसत्या पाण्याने धुतले की पांढरे केस तांबूस होतात. तपकिरी ते काळा रंग हवा असेल तर त्यावर निळीच्या पानांची पावडर लावावी लागते, कपड्यांची नीळ नव्हे. ती कोमट पाण्यात कालवून चिमूटभर मीठ घालावे, दहा-पंधरा मिनिटे ठेवून लगेच वापरावी आणि तास-दीड तास डोक्यावर ठेवावी. मेंदीसारखी रात्रभर भिजवली तर तिचा रंग वाया जातो. धुतल्यावर पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसली तर घाबरू नये, हवा लागून एक-दोन दिवसांत ती गडद होते.

लोखंडी कढई, चहाचे पाणी आणि आवळकाठी यांच्याबद्दल घरोघरी मतभेद असतात. आवळकाठी व चहातील टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने लेप काळा दिसतो आणि छटा किंचित गडद होते, पण कढईतला काळेपणा केसावर जसाच्या तसा उतरत नाही. मेंदी केस कोरडे करते, म्हणून दुसऱ्या दिवशी तेल लावावे; लिंबू मात्र पिळू नये, ते कोरडेपणा वाढवते. मेंदी कितीही शुद्ध असली तरी चाचणीतून सुटका नाही, आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनी, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, मेंदी टाळावी, कारण तिने त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

रंगवल्यानंतर दोन दिवस शाम्पू लावू नये. पुढे आठवड्यातून दोनदा सौम्य, सल्फेटविरहित शाम्पू पुरतो. बोअरचे क्षाराचे पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे तरी पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत. ड्रायर आणि स्ट्रेटनर यांची उष्णता कलपाने सैल केलेले खवले आणखी उचकटते. केस पंख्याखाली वाळवणेच चांगले. दोन खेपांत चार ते सहा आठवड्यांचे अंतर ठेवावे आणि मधल्या समारंभासाठी भांगावर धुऊन जाणारी काडी वापरावी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदाच कलप लावणे हे सर्वांत वाईट मुहूर्त साधणे आहे, कारण ॲलर्जी एक ते तीन दिवसांनी उमटते, म्हणजे नेमकी वरातीच्या वेळी.

कर्करोगाचा प्रश्न हमखास विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायातील दीर्घ संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला आहे, तर स्वतःच्या केसांना कलप लावण्याबाबत वर्गीकरण करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे. सलूनमधला कारागीर उघड्या हाताने कलप लावताना दिसला तर हातमोजे घालण्याची विनंती त्याच्याही भल्याची आहे.

आणि सगळे पाळूनही सूज आलीच तर डोके भरपूर पाण्याने व सौम्य शाम्पूने धुवावे, औषधाच्या दुकानातून मिळेल ते स्टिरॉइडचे मलम चोळू नये आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. श्वास लागणे, घसा आवळणे, ओठ किंवा जीभ सुजणे यांपैकी काही झाले तर थेट रुग्णालय गाठावे. त्रास ओसरल्यावर डॉक्टर पाठीवर पट्ट्या चिकटवून, ४८ तासांनी आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहून, नेमका कोणता घटक सोसत नाही ते सांगू शकतात. त्यासाठी कलपाचे रिकामे खोके आणि आतले पत्रक किमान पंधरा दिवस कचऱ्यात टाकू नये. आत्याचे खोके घंटागाडीत गेले होते, आणि डॉक्टरांनी ‘कलपात काय होते?’ असे विचारल्यावर तिला फक्त खोक्याचा रंग सांगता आला.